पिलबाग

चोपड्याच्या शाळेत, चटईवर
आडवं कापलेलं केळ, भिंग,
आणि पाठीशी धरलेले माझे हात.

"ताई, ह्या काया टिकल्या काय शेतस?"
"तूच बघ."

दुर्वेशने सुईने एक टिकली उकरली,
ओल्या कापसात ठेवली.
नऊ दिवस. काही नाही.

दहाव्या दिवशी तो घरून
कंदासकट एक पील घेऊन आला.
फरशीभर माती.
"बी नही, ताई. मायना बुडले पील निंघस.
मायबी तशीच निंघनी."

मग बराच वेळ खिडकीबाहेर बघणं.

वहीत त्याने लिहिलं :
आमच्या वावरातली केळीची झाडं
तीन हजार.
ते खोडून
एक.

लाल पेन मी उचललं नाही.

माती त्यानेच झाडली, छोट्या केरसुणीने.
पील माझ्या टेबलाला टेकून उभं.