टिंब आणि तिरकी रेघ

सोमवारी अंधेरीच्या हेड ऑफिसातून दोन पोरं आली
आणि बॅलार्ड इस्टेटमधली आमची पाचही मशीन
डोमेनला जोडून, उसाचा रस पिऊन गेली.

मंगळवारी नवा प्रिंटर आला.
ड्रायव्हर टाकायला गेले तर पडद्यावर पाटी:
आपल्याला हा अधिकार नाही.
कृपया प्रशासकाशी संपर्क साधा.

मी मागे वळून पाहिलं.
मागे फक्त गोदरेजचं कपाट.
अहो, नऊ वर्षं या खोक्यावरची धूळ
मी माझ्या ओढणीनं पुसली,
पंखा घरघरला की थाप मारायची तीही मीच,
प्रशासक म्हणजे मीच की!
पण आता मी होते एच. घाग,
अंधेरीच्या यादीतली एकशे बारावी.
पाहुणी. बसा, चहा घ्या, कपाट उघडू नका.

न्हावाशेव्याला खजुराचे तीन कंटेनर अडलेले,
चारच्या आत कागद निघायला हवे होते.
फोन लावला. तौसीफ परकार, आवाजावरून विशीतला.
म्हणाला, मॅडम, तुमचं जुनं खातं मेलेलं नाही.
मशीनला फक्त वाटतंय की आता सगळी नावं आमच्याकडचीच.
नावाआधी एक टिंब द्या, मग तिरकी रेघ.
मागे रेललेली हं, पुढे झुकलेली नको.
टिंब म्हणजे काय रे?
टिंब म्हणजे इथलंच.

पासवर्ड मात्र आठवेना.
दोनदा चुकले.
कीबोर्ड उलटा केला, बिस्किटाचा चुरा पडला.
मग डोळे मिटून हात ठेवले
आणि शेजारच्या पिंटोबाईंशी मुद्दाम
पापलेटच्या भावाबद्दल बोलत राहिले.
बोटं आपली आपण चालली,
दिवे गेल्यावर ओळखीचा जिना उतरावा तशी.
(काय होता ते सांगणार नाही. कवितेतसुद्धा.)

उघडलं.
गोराईच्या खाडीतली ती कललेली होडी,
मीच काढलेला फोटो, अंगठ्याच्या सावलीसकट.
नऊ वर्षांचा पसारा जागच्या जागी.

ड्रायव्हर बसला. कागद निघाले, गरम.
एच. घागलाही प्रशासकांच्या गटात घेऊ का?
यादी समोर उघडीच होती, एका टिचकीचं काम.
तौसीफ जरा थांबला.
घेता येईल. पण रोज त्या अधिकारानं बसू नये, मॅडम,
चूक झाली तर तीही तेवढ्याच अधिकारानं होते.

मी यादी मिटली.
बाहेर आले, पुन्हा एकशे बारावी झाले,
आणि शिपायाला म्हटलं, धाव.

सहाला हजेरीपटावर सही करताना
नावाआधी पेन क्षणभर टेकलं.
हे काय, साहेबांनी विचारलं.
शाई गळतेय, म्हटलं.