पोल्वो

सतरा तारखेला मुलाखत. जहाजावर, केबिन साफ करायचं काम.
'स्पॅनिश येत असेल तर उत्तम', जाहिरातीत बारीक अक्षरात.

बेतीच्या चढावर दोना आउरिया राहतात,
पोर्तुगीज शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या.
म्हणाल्या, स्पॅनिश म्हणजे आमचीच भाषा गं,
फक्त नाक शिंकरून बोललेली.

वहीत तीन रकाने आखले:
त्यांचा शब्द, पुस्तकातला, माझा.
मेझा, मेसा, मेज.
साबांव, खाबोन, साबण.
पागार, पागार, पगार.
हा मात्र त्या दोन्ही भाषांत द्यायचा असतो,
माझ्यात यायचा.
एवढं सोपं असेल तर, म्हटलं,
नाताळाच्या आत मी बार्सिलोनात.

मग आला पोल्वो.
पुस्तकात धूळ.
दोना आउरिया इतक्या हसल्या की कवळी निसटली.
पोल्वो म्हणजे ऑक्टोपस, बाय!
पपांना आवडायचा, भरपूर लसूण घालून.
त्या रात्री स्वप्नात मी पलंगाखालचा पोल्वो ओढत होते
आणि त्याने आठही पायांनी घट्ट धरलेली
कुणा पाहुण्याची एक चप्पल.

वासो: पुस्तकात पाण्याचा पेला. त्यांच्या खिडकीत कुंडी.
रातो: पुस्तकात थोडा वेळ. त्यांच्या माळ्यावर उंदीर.
'थोड्या वेळाने येते' हे वाक्य
मला अजून न हसता म्हणता येत नाही.

गुरुवारी त्यांनी पाल्याचं सूप वाढलं.
मी ऐटीत नवा शब्द काढला: एस्किसितो.
त्यांचा चमचा थांबला.
विचित्र? मीठ चुकलं का?
मी वही पुढे केली. रुचकर.
त्यांनी बोट ठेवून ओळ वाचली,
चष्मा पुसून परत वाचली.
मग म्हणाल्या, अकरा वर्षांत या सुपाला
कुणी काहीच म्हटलं नव्हतं.

आता वाडगा ठेवतानाच विचारतात,
आज कसं? विचित्र?
मी म्हणते, फारच विचित्र.

आज सोळा. शेवटच्या पानावर एस्पेरार:
वाट बघणे, आशा करणे, दोन्हीला एकच.
त्यांच्या रकान्यातही अगदी तसाच,
तरी त्या नेहमीसारख्या 'बघ, म्हटलं नव्हतं?' म्हणाल्या नाहीत.
विचारलं, गेलीस की किती महिने?
नऊ.
म्हणजे रातो, मी म्हटलं, थोडासाच वेळ.
त्या माळ्याकडे बघत राहिल्या,
वर काहीतरी खुडबुडत होतं.