चावी नसलेली कुंडी

शलाकाने मागवल्या चार कुंड्या,
दोन खिडकीच्या ग्रीलसाठी, दोन आतल्या,
एक टीव्हीशेजारी, एक शोकेसच्या खाली.
'आप्पा, ह्यांना रोज पाणी घालायचं नाही.
खाली टाकी आहे. झाड आपलं आपण पितं.'

आपलं आपण.
मी चष्मा लावून खोका पुन्हा वाचला.

एकतीस वर्षं मी चावीवाला होतो, घाटकोपरला.
खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी,
रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी बसवायची
आणि मोजायचे आटे.
खालच्या सोसायट्यांना बावीस, टेकडीला नऊ.
पहाटे चार दहाला उघडायचं, सहा पाचला बंद.
एक आटा कमी पडला
तर टेकडीवरची हुस्नाबी माझ्या आईचा उद्धार करायची,
एक जास्त पडला तर साहेब.
तहान किती, हे कुठल्याच कागदावर नव्हतं.
वेळ किती, एवढंच.

कुंडी उघडून बघितली. आत काही नाही.
ना वॉल्व्ह, ना वॉशर, ना मोटर.
जाळीचा एक कप, त्यातून लोंबणारी सुती वात,
निरांजनात असते तशीच, फक्त जाड,
तेलाऐवजी पाण्यात पाय सोडून बसलेली.
कडेच्या नळीत बोराएवढं लाल बोंड,
पाणी भरलं की वर, संपलं की खाली.
आणि बुडाच्या जरा वर एक भोक, जास्तीचं सांडायला.
हे भोक मात्र मला पटलं.
भलेभले कंत्राटदार ओव्हरफ्लो विसरतात,
मग जिने भिजतात.

दोन वाती तोकड्या निघाल्या.
जुन्या परकराची नाडी कापून घातली,
आधी भिजवून. कोरडी वात ओढत नाही,
रिकाम्या पाइपात हवा अडकते, तसंच ते.

खिडकीत कढीलिंब आणि पानओवा,
आत पीस लिली आणि एक कोरफड.
कोरफड अकराव्या दिवशी बुडाशी मऊ झाली,
उचलली तर हातात आली, वास मारत.
तिला नको होतं. मी पाजत राहिलो.
तिची कुंडी धुतली, उपडी ठेवली.

मलेरिया खात्याचा पोरगा आला टॉर्च घेऊन.
फ्रीजच्या मागे, माठाच्या खाली, सगळं बघत.
'काका, ह्याच्यात पाणी साठवलंय?'
नळीच्या तोंडावर बांधलेली मच्छरदाणीची चिंधी दाखवली.
म्हणाला, 'तुम्ही डिपार्टमेंटचे वाटता.'
मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही.

मे महिन्यात पोरं देवरुखला निघाली, दहा दिवस.
मला म्हणाली, चला.
चावीवाल्याला मे महिन्यात रजा?
गेलो. फणस खाल्ला, पोट बिघडवून घेतलं.
चौथ्या दिवशी पहाटे चार दहाला जाग आली,
तर उजवं मनगट गादीवर फिरत होतं,
एक, दोन, तीन.
डोळे मिटून बघितलं: बंद घर, ओढलेले पडदे,
आणि अंधारात लाल बोंड
कुणी न सांगता केसभर खाली उतरतंय.

परत आलो तर लिली ताठ,
एक नवं पान, अजून सुरळीत.
खिडकीतल्या टाक्या मात्र ठणठणीत,
कढीलिंबाने माना टाकलेल्या, पानओवा सुरकुतलेला.
सारखीच टाकी, सारखीच वात,
पण उन्हातल्याला जास्त लागतं.
हे मला नवीन नव्हतं.
टेकडीवरचे दुसरं काय ओरडायचे?

पेल्याने ओततो, सावकाश, बोंडाकडे बघत.
मोजायचं नाही असं ठरवलं होतं,
पण तोंड मोजतंच. सात, आठ, नऊ.

दहावाही ओततो.