रिकाम्या जागा भरा

सातवीच्या फळ्यावर लिहिते: एस्केप.
खिडकीबाहेर तुरीचं वावर, तुरीत वानरं,
आणि मागच्या बाकावरून मोरेश्वर,
"म्हंजे पयनं काय, म्याडम?"
हो म्हणते, आणि अडते.
पळणं म्हणजे रन. एस्केप व्हायला
आधी आत असावं लागतं.

गॅस गळला तरी तो एस्केप होतो, सांगते.
कोणाचं नाव ऐनवेळी आठवलं नाही
तर ते नाव एस्केप झालं म्हणतात.
"पन त्याले कोंडलं कोनं होतं?"
वर्ग हसतो. वैष्णवी पुढचा शब्द वाचते,
जामिनाचा बेल, तिच्या तोंडी बैल.
अर्थ ऐकून म्हणते,
"आमचा बैल तं आत जाते म्याडम. हा बाहेर काढते?"

आत म्हणजे कोंडवाडा, हे इथं सांगावं लागत नाही.

माझा बाप उकंडराव त्याच कोंडवाड्यावर होता.
दगडी भिंत, सागाचं फाटक,
टाक्यात पाणी थोडं, शेवाळ फार.
कोणाच्या पऱ्हाटीत तोंड घातलेली ढोरं यायची,
दंड भरला की जायची.
रजिस्टरात रकाने तीन:
आणले, सोडले, पळाले.
तिसऱ्या रकान्यातल्या ढोराचा दंड
बाबाच्या पगारातून कापायचे.

आमच्याकडे वारा सुटतो, एसटी सुटते,
गणित सुटतं, ग्रामसेवकाचं पोट सुटतं.
सरूआत्या तीन वर्षं खाटेवर होती,
गेली तेव्हा बाया म्हणाल्या, सुटली वं माय.
एकच शब्द गावभर पुरतो
आणि दार कोणी उघडलं ते बोलत नाही.
इंग्रजी मात्र पोलीस पाटलासारखी
ओट्यावर बसून विचारते.
कडी काढून दिली? रिलीज्ड.
भिंत फोडली? ब्रोक आऊट.
कोणाचं ध्यान नव्हतं? स्लिप्ड अवे.
अजून सापडलाच नाही? ॲट लार्ज.
हा मला फार आवडतो,
जणू सुटलेला माणूस
मोकळ्या वावरात आकारानं वाढत चाललाय.

बाबाला यातलं काही येत नव्हतं.
पारबताबाईची शेळी दोन दिवस आत होती,
घरी पिल्लू ओरडून बसलं होतं
आणि साठ रुपये तिच्याकडे नव्हते,
एवढं त्याला माहीत होतं.
रात्री तो कंदील न घेता गेला.
सकाळी लिहिलं: शेळी एक, काळी, पळाली.
मी तेव्हा आठवीत. रकाने मीच आखून द्यायची.
"बाबा, फाटक तं माह्यापेक्षा उंच हाये."
"शेयी हाये बाई ते. मारली उडी."

बारावी झाली. काकानं पुसदचं स्थळ पक्कं केलं.
साखरपुड्याच्या पहाटे
मी पावणेसहाच्या अमरावती गाडीत होते.
आमची कडी गल्लीभर ऐकू जायची.
त्या पहाटे ती वाजली नाही.
गाडीत बसल्यावर बोटं हुंगली,
जवसाचं तेल.

गावात अजून म्हणतात, उकंडरावची पोट्टी पयाली.
बाबानं ते कधी खोडलं नाही.
काका चार वर्षं त्याच्याशी बोलला नाही,
धुऱ्यावरचा आंबाही त्यानंच नेला.
मी विचारलं नाही. बाबानं सांगितलं नाही.
आता रजिस्टर वाळवीनं खाल्लंय
आणि कोंडवाड्यात ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर उभा असतो.

चाचणीत मी हेच वाक्य दिलं:
द गोट, रिकामी जागा, फ्रॉम द पाउंड.
मोरेश्वरनं लिहिलं, एस्केप्ड. एक गुण.
वैष्णवीनं, वॉज रिलीज्ड. तिलाही एक.
एका पोरानं जागा तशीच सोडली
आणि खाली बारीक अक्षरात मराठीत लिहिलं,
म्याडम, बकरी कोनाची होती ते सांगतलं नाही.

त्याचा पेपर अजून तपासायचा आहे.