कुठून, कुठे, माल काय

अठ्ठावीस वर्षं मी एवढंच विचारलं.
जकात नाक्याची खिडकी, बोटांना कार्बनची निळाई,
कुठून, कुठे, माल काय.
इचलकरंजी, सूत.
अलेप्पी, काथ्या.
सिलीगुडी, चहा, तीन गोण्या भिजलेल्या.
पावती फाडायची, दांडा वर, गाडी आत.
मी मात्र माजिवड्याहून नाक्यावर,
नाक्यावरून माजिवड्याला.

मग नाकाच उठला.
उरलेली वर्षं घरपट्टीत गेली.
तिथं कुणी कुठून येत नसे,
नुसते भांडायला येत.

ग्लोरिया परेरा माझ्या शेजारच्या खिडकीतली.
गाडी तिनेच शोधली, शाळेची जुनी बस.
पांढऱ्या रंगाखाली पिवळा अजून जिवंत आहे,
ऊन तिरपं पडलं की मागच्या दारावर
‘मुले’ एवढं वाचता येतं.
कळंबोलीच्या गॅरेजवाल्याने दोन बाकं ठेवली, बाकीची उपटली,
ओटा बसवला, टाकी बसवली,
आणि संडास असा की आत शिरण्याआधीच
तोंड कुठे करायचं ते ठरवावं लागतं.
सून सगळ्यांना सांगते, आईंचं मोटरहोम.
ग्लोरिया म्हणते, डबा.

आधी गुजरात, राजस्थान,
मग देश आडवा कापत थेट कोहिमा.
पहाटे साडेपाचला नारळ फोडला,
ग्लोरियाने क्रूस केला,
दोन्हीकडची सोय झाली.
सहा वाजता गायमुखच्या चढावर होतो.
साडेआठलाही तिथेच.
पुढे कुठेतरी कंटेनर आडवा झालेला,
डावीकडे डोंगर, उजवीकडे खाडी,
मध्ये आम्ही, घरापासून बारा किलोमीटर.

ग्लोरियाने इंजिन बंद केलं.
“निर्मला, घर मागेच आहे ना?
मग चहा टाक.”

चढावर पातेल्यातला चहाही तिरका उभा राहतो,
एका काठाला ओठाशी, दुसऱ्या काठाला तळाशी.
शेगडीखाली नकाशाची घडी सारली, 
राजस्थानची बाजू वर.

पुढच्या ट्रकच्या पाठीवर एन एल झिरो वन.
हात आपोआप पावतीबुकाकडे गेला,
तिथे चमचा होता.
ड्रायव्हरला कप दिला आणि तोंडातून निघालंच,
कुठून, कुठे, माल काय.
न्हावाशेवा, वापी, पावडरच्या गोण्या.
नाव रामसूरत, गाव जौनपूरकडचं.
“आणि नागालँड?”
तो हसला. कागद तिकडचे, मॅडम, स्वस्त पडतात.
नऊ वर्षं झाली, हिच्या पाठीवर कोहिमा,
ना हिने पाहिलं, ना मी.

आम्ही तिकडेच निघालोय, ग्लोरिया म्हणाली.
त्याने मागे दहा गाड्या, पुढे दहा गाड्या पाहिल्या
आणि सभ्यपणे काही बोलला नाही.
कप धुऊन परत दिला.
मग नंबर दिला.
जिथं हिची पाटी झाली
त्या हपिसाचा एक फोटो, जमलं तर.

पुढचं सगळं सांगत बसत नाही.
बिकानेरला पंप बिघडला,
गोरखपूरजवळ आम्ही दोन दिवस बोललो नाही,
कारण मीठ.
एक्केचाळिसाव्या दिवशी दिमापूर मागे पडलं
आणि दांडा आडवा आला.
खिडकीत एक पोरगी, बोटांना शाई.
कुठून?
मी ठाणे म्हणायला तोंड उघडलं
आणि आधी तिचं रजिस्टरच बघत राहिले,
रकाने किती सरळ आखलेत.
कुठे? कोहिमा.
गाडीत काय आहे?
ग्लोरियाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.
“आम्हीच,” ती म्हणाली.
पोरीने तेवढंच लिहून घेतलं असावं.

हपिसाला पायऱ्या होत्या, 
पायरीवर कुत्रं झोपलेलं,
वर कुणाचातरी स्वेटर वाळत घातलेला.
ते सगळं फोटोत घेतलं आणि पाठवलं.

उत्तर रात्री उशिरा आलं, त्याचा आवाज,
मागे हॉर्नचा गलका.
छान आहे, मॅडम. थंडी असते वाटतं.
मी गायमुखला अडकलोय.
आज चहा नाही.