नखभर फट

शाळेत मी पोरांना शिकवते : आर्मोनिया,
म्हणजे तीन सुरांनी एकमेकांना जागा देणं.
पोरं माना डोलावतात
आणि तिघंही एकच सूर ओरडतात.

बाबांच्या लेखी हा शब्द गाण्यातला नाहीच,
रंध्याखालचा आहे.
आर्मोस म्हणजे सांधा :
दोन फळ्या जिथे भिडतात ती रेघ.
सामोसच्या पाइनचा चीक बोटांना,
पेन्सिल डाव्या, बहिऱ्या कानावर;
म्हणायचे, "घट्ट बसवू नकोस, झाबेता.
लाकूड पाण्यात फुगतं.
नखभर फट ठेव, कापूस ठास.
उरलेलं समुद्र करतो."

मग हाच शब्द कागदावर आला, शिक्क्यासकट.
कायद्यांची जुळवणी, असा तिथे त्याचा अर्थ :
बोटी फार झाल्यात, मासे कमी,
परवाना परत करा, रक्कम घ्या,
बोट मोडून दाखवा.

थेमेलिसकाकांनी सही केली.
उधारी नव्हती, हाव नव्हती,
गुडघे गेले होते, इतकंच.
बोट बाबांनी बांधलेली.
धक्क्यावर पिवळ्या जेसीबीने
तिच्या पाठीत दात रोवले.
तो आवाज कुठल्या पट्टीतला,
मला अजून लिहिता आलेला नाही.

बाबा सांगतात, मी बघायला गेलोच नाही.
गेले होते. तिन्हीसांजेला.
ढिगाऱ्यातून हातभर तुकडा उचलून आणला :
दोन्ही फळ्या मधोमध फुटलेल्या,
सांधा जसाच्या तसा.
आता त्याने खिडकी उघडी राहते, वाऱ्याने आपटत नाही.

चार वर्षं झाली. भाऊ भावाशी बोलत नाही.
कॉफीच्या दुकानात म्हणतात, त्या घरात आर्मोनिया उरली नाही;
शब्द बिचारा कुठेही राबतो.

पण गावात जुनी स्तोत्रं येणारे दोघंच उरलेत.
रविवारी काका वरची चाल घेतात,
वळणं, हेलकावे, मधेच खोकला,
आणि बाबा खाली एकच सूर धरून ठेवतात,
श्वास संपेपर्यंत, मग चोरून दुसरा श्वास.
एकमेकांकडे बघत नाहीत.
मधे एक माणूस उभा राहील एवढी जागा.
तिथे कोणी उभं राहत नाही, मीसुद्धा नाही.

नंतर दोघं दोन दारांनी घरी जातात.

परवा माझ्या लक्षात आलं :
बाबा आधी उजवीकडे उभे राहायचे.
हल्ली डावीकडे राहतात,
चांगला कान काकांच्या बाजूला येईल असे.