पातळ

डॉक्टरांनी सुगलाचा जबडा तारांनी बांधला
आणि मला म्हणाले, सहा आठवडे फक्त पातळ.
मला हसू आलं. त्यांना वाटलं, म्हातारा घाबरलाय.

माझा बाप साखर पेठेत हातमागावर पातळं विणायचा,
नऊवारी, जांभळ्या काठाची.
मी एकतीस वर्षं टॉवेल काढले, पांढरे, एकसारखे.
पातळ हा शब्द घरातनं कधीच गेला होता.
तो असा परत आला
केसपेपरवर, वाकड्या अक्षरात.

पाणी आलं होतं, पाच दिवसांनी, पहाटे तीनला.
ती हंडा घेऊन जिना चढत होती.
हंडा सोडला असता तर हात टेकता आले असते.
सोडला नाही.
हंड्याला पोचासुद्धा नाही, बघा.

पहिल्या दिवशी मी डाळीचं पाणी केलं.
त्याला पाणीच म्हणावं लागेल.
दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या कण्या, तर नळी तुंबली.
तिसऱ्या दिवशी तिनं हवेत जातं फिरवलं,
मग मांडणीकडे बोट केलं, खालून दुसरा डबा.
हुलगे.
भाजले. करपले. पुन्हा भाजले.
गिरणीवाला म्हणाला, काका, एवढंसंच?
म्हटलं, आजारी माणसाचं माडगं आहे.
त्यानं पैसे घेतले नाहीत, पण पट्टा जरा हळू चालवला.

चाळीस वर्षं मी विचारलं नव्हतं
किती पाणी, किती पीठ, लसूण आधी की जिरं.
विचारलं असतं तर म्हणाली असती, अंदाजानं.
आता तर तेवढंही म्हणता येत नव्हतं.
ती अंगठा नि बोट एकमेकांवर घासायची,
मी विचारायचो, वीस नंबरचं सूत की चाळीसचं?
ती चार बोटं दाखवायची.
म्हणजे बारीक. म्हणजे अजून दोन वाट्या आधण.
मग मी माझ्याच टॉवेलचा तुकडा धुऊन उकळून घेतला
आणि त्यातनं माडगं गाळलं.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
माझा माल माझ्या घरात कामाला आला.

वरच्या नरसव्वा बुरा रोज संध्याकाळी चारू आणायच्या,
चिंचेचं, मिऱ्याचं, वर कढीपत्ता तरंगणारा,
तो मी एकेक पान वेचून काढायचो.
त्या तेलुगूत मला रागवायच्या.
कारखान्यात शिकलेल्या शिव्यांपलीकडे मला तेलुगू येत नाही,
पण सुगलाच्या कपाळावर हात ठेवून त्या म्हणायच्या, तागु, तागु,
आणि ती प्यायची,
दाढेमागच्या फटीतून, नळी जरा तिरकी धरून,
नाकाचा शेंडा घामेजेपर्यंत.

एकविसाव्या दिवशी तिनं पेन मागितलं.
मला वाटलं, काहीतरी मोठं लिहील.
लाइटबिलाच्या मागं लिहिलं : मीठ.
मी विचारलं, जास्त की कमी?
तिनं माझ्याकडे असं बघितलं
की मी मुकाट चव घेतली.
कमीच होतं. रोजच कमी होतं.
तीन आठवडे प्यायली बिचारी.

माझं जेवण मी बाहेर करायचो.
कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा,
ती पडली त्याच पायरीवर बसून, दार ओढून घेऊन.
वास कसा अडवणार, पण आवाज तरी नको.
आपल्याकडची कडक भाकरी गुपचूप मोडत नाही,
अख्ख्या चाळीला कळतं, कोण जेवतंय.
मी ती तोंडातच भिजवायचो,
म्हाताऱ्या गाईसारखी.

काल आतनं चमचा वाजला.
पलंगाच्या लोखंडी पट्टीवर, दोनदा, मग सारखा.
धावत गेलो, वाटलं घशात अडकलं काही.
तिनं माझ्या ताटाकडे बोट केलं.
मग पलंगाच्या कडेवर थाप मारली.
बसलो.
भाकरी माडग्यात बुडवायला गेलो, तर मान हलवली,
तारा दुखतील इतक्या जोरात.
कोरडीच.

मी मोडली.
तिनं डोळे मिटून घेतले.
बराच वेळ काही नाही,
वर नरसव्वांचा नळ गळत होता.
मग तिनं एक बोट वर केलं :
अजून एक.